‘हेड गेलंय’ म्हणण्याआधी

प्रश्न: घरी चार टाक्यांचा इंक टँक प्रिंटर आहे, घेऊन तीन वर्षं झाली. एप्रिल-मेमध्ये दीड महिना मुलीकडे पुण्याला होतो. लातूरला परत आल्यापासून काळा रंग जवळजवळ येतच नाही, बाकीच्या रंगांत पांढरे पट्टे येतात. दहा-बारा वेळा हेड क्लिनिंग केलं, तर उलट जास्तच बिघडलं. त्यात भर म्हणजे कागद कधी घेत नाही, कधी तीन-तीन ओढतो. राऊटर बदलल्यापासून लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसतं ते वेगळंच. दुकानदार म्हणाला, हेड गेलंय, बदलण्यापेक्षा नवाच घ्या. घ्यावा का?

उत्तर:

लगेच घेऊ नका. आणि हे वाचून होईपर्यंत आणखी एकही हेड क्लिनिंग करू नका.

सांगलीत माझं प्रिंटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डॉट मॅट्रिक्सच्या रिबिनी भरण्यापासून सुरुवात केली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. ‘हेड गेलंय’ हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य. डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हणावं तसं. एकदा म्हटलं की पुढे काही तपासावं लागत नाही. खरोखर जळालेली, कायमची चोक झालेली हेडं मीही पाहिली आहेत. पण त्या नावाखाली जे प्रिंटर माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या पुष्कळांचं हेड धडधाकट असतं. बिघडलेली असते ती हेडखालची इवलीशी रबरी वाटी, नाहीतर पाइपात शिरलेली हवा.

तुमच्या तक्रारीत तीन वेगळे आजार आहेत. शाईचा एक, कागदाचा एक, वायफायचा एक. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिन्ही एकाच महिन्यात आले म्हणून प्रिंटर म्हातारा झाल्यासारखा वाटतोय, एवढंच.

शाईपासून सुरू करू, कारण खर्च तिथे आहे. इंकजेटचं हेड म्हणजे बारीक भोकांची चाळणी. एप्सनच्या एल३११० सारख्या साध्या घरगुती मॉडेलमध्येसुद्धा काळ्यासाठी १८० आणि बाकीच्या प्रत्येक रंगासाठी ५९ भोकं असतात. त्यातून पडणारा लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा. हिशेब केला तर एका मिलिलिटर शाईत असे ३३ कोटी थेंब होतात, तेवढेच देव. एवढ्या बारीक भोकाच्या तोंडाशी शाई सुकायला किती वेळ लागणार? उन्हाळ्यात लातूरच्या हवेत फार लागत नाही.

तुम्ही कंपनी सांगितली नाहीत, पण ती कळणं महत्त्वाचं आहे. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये विजेच्या झटक्याने वाकणारा स्फटिक असतो, तो शाईला ढकलतो. कॅनन आणि एचपीमध्ये शाई क्षणभर तापवतात, तिथे वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर फेकतो. (१९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, सुईच्या टोकातून शाई उडाली, आणि त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात.) याचा तुमच्या खिशाशी संबंध असा: एचपी-कॅननच्या कार्ट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, म्हणजे कार्ट्रिज नवं की हेड नवं. कॅननच्या जी२०१०, जी३०१० सारख्या टँकवाल्यांत आणि एचपीच्या इंक टँकमध्ये हेड वेगळं विकत मिळतं, आणि ते घरच्या घरी बदलताही येतं. एप्सनचं हेड मात्र मशीनमध्येच बसवलेलं, टिकण्यासाठी बनवलेलं आणि बदलायला महाग. म्हणून ‘हेड बदलण्यापेक्षा नवा घ्या’ हा सल्ला एका कंपनीच्या बाबतीत कदाचित बरोबर आणि दुसरीच्या बाबतीत साफ चूक ठरतो. दुकानदाराने कोणता विचार करून तो दिला, ते त्याला विचारा.

आता ती रबरी वाटी. काम नसताना हेड उजव्या टोकाला जाऊन एका रबरी चौकटीवर बसतं. त्याला कॅपिंग स्टेशन म्हणतात, आम्ही नुसतं कॅप म्हणतो. कॅप दोन कामं करते. झाकण घालून भोकं सुकू देत नाही, आणि क्लिनिंगच्या वेळी खालचा पंप याच वाटीतून हेडमधली शाई ओढून घेतो. म्हणजे हेड साफ होणं सगळं त्या रबराच्या घट्ट बसण्यावर अवलंबून.

आणि इथेच आपल्याकडची सवय नडते. प्रिंट झाली की आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो. वीज वाचवायची म्हणून, विजा चमकतात म्हणून, किंवा लहानपणापासून सगळी बटणं बंद करूनच घराबाहेर पडायची शिकवण म्हणून. प्रिंटरला मात्र स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच कळतं की आता झोपायचंय. तो हेड नीट कॅपवर नेतो, दिवा लुकलुकतो, मग विझतो. बोर्डावरून अचानक वीज तोडली आणि हेड त्या वेळी मधेच असलं, तर ते तसंच उघडं राहतं. प्रिंट चालू असताना लाइट गेली तरी तेच. अशा वेळी वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून त्याच्याच बटणाने बंद करायचा, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. पुण्याला निघताना तुम्ही मेन स्विच बंद केला असणार. त्याआधी प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला होता का, हे आठवून बघा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे असेल.

बोर्डावरून रोज चालू-बंद करण्याचा आणखी एक तोटा आहे. बरीच मॉडेलं वीज आल्यावर स्वतःहून थोडं क्लिनिंग करतात. ती शाई तुमच्या बाटलीतूनच जाते.

यापुढे आपण काय करायचं? नोझल चेकचा, म्हणजे भोकांच्या तपासणीचा, कागद काढायचा. क्लिनिंग करायचं नाही, फक्त नोझल चेक. त्याला शाई नगण्य लागते. रंगांच्या बारीक रेघांची जाळी येईल, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहा. अर्ध्या तासाने दुसरा कागद काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माझं निदान बहुतेक वेळा या दोन कागदांवरच होतं.

दोन्ही कागदांवर त्याच त्याच रेघा गायब असतील, तर ती भोकं खरंच चोक आहेत, वाळलेली शाई बसलीय. पण पहिल्या कागदावर एक जागा कोरी, दुसऱ्यावर दुसरीच, क्लिनिंग केलं की आधी असलेल्या रेघाही जातात, असं असेल तर चोक नाही. हवा आहे. तुमचं ‘उलट जास्तच बिघडलं’ हे वाक्य वाचून माझा संशय इथेच जातो. विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा आपण काय करतो? बटण दाबत बसत नाही, फुटव्हॉल्व्ह बघतो. इथे फुटव्हॉल्व्हच्या जागी ती कॅप आहे. तिच्या काठावर वाळलेली शाई, केस, धूळ बसली की रबर हेडला घट्ट लागत नाही. मग पंप शाईऐवजी आजूबाजूची हवा ओढतो आणि हेडच्या भोकांतही हवा जाते. दहा वेळा क्लिनिंग म्हणजे दहा वेळा हवा भरणं.

आधी टाक्या बघा. कोणतीही टाकी खालच्या रेघेच्या खाली गेली असेल, तर हवा तिथूनच शिरली. भरा, आणि प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करून रात्रभर, म्हणजे निदान बारा तास, तसाच ठेवा. बुडबुडे हळूहळू वर चढतात. एप्सनच्या माहितीपुस्तकातही हेच सांगितलंय: तीन वेळा क्लिनिंग करून फरक पडला नाही, तर बारा तास थांबा. हे वाचून कुणी थांबत नाही, कारण थांबणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटत नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रिंटरवर मी काहीच केलं नाही, शनिवारी संध्याकाळी शटर ओढलं आणि सोमवारी सकाळी तो बरा झालेला होता. गिऱ्हाइकाने पैसे विचारले तेव्हा काय सांगावं कळेना.

बारा तासांनी फरक नसेल तर कॅप पुसायची. इथे जे करू नका म्हणालो तेच एकदा मुद्दाम करायचं आहे. प्रिंटर चालू करा, हेड उजवीकडून निघून डावीकडे सरकू लागलं की प्लग काढा. आता हेड हाताने अलगद डावीकडे सरकवता येतं. उजव्या टोकाला रबरी काठाची, आत स्पंज असलेली चौकट दिसेल, शेजारी रबराचं एक पातं. कान साफ करायची कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून रबराचा काठ आणि ते पातं पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. स्पंज टोचू नका. मग वाटीत त्याच पाण्याचे पाच-सहा थेंब टाका, प्लग लावा, एकच क्लिनिंग द्या आणि परत तसंच उघडून बघा. पाणी नाहीसं झालं असेल तर पंप ओढतोय, कॅप बसतेय. पाणी होतं तसंच असेल तर खालची नळी चोक आहे किंवा पंप गेलाय. ते काम दुरुस्तीवाल्याचं, पण हेडपेक्षा फार स्वस्तातलं.

पाणी डिस्टिल्डच हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल, मात्र बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलेलं बघून घ्या, शेजारी ॲसिडचीही बाटली असते. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी नको. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर खडे चढतात, ते केसाहून बारीक भोकांत काय करेल? स्पिरिट, काच पुसायचा फवारा, नेलपॉलिश रिमूव्हर, यांतलं काहीही नको. लॉकडाऊनमध्ये एका गृहस्थांनी हँड सॅनिटायझरची जेल हेडला लावली होती. तो प्रिंटर मला वाचवता आला नाही.

काम करताना तीन गोष्टींना हात लागू देऊ नका: शाईच्या बारीक नळ्या, पांढरं वंगण लावलेला दांडा, आणि हेडच्या मागून आडवी गेलेली पारदर्शक पट्टी. त्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात, त्या मोजून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. तिच्यावर वंगणाचा किंवा शाईचा डाग पडला की हेड आंधळं होतं आणि धाडकन भिंतीवर आपटतं. कुणाचा प्रिंटर चालू करताना ‘खाट खाट’ आवाज करून थांबत असेल तर मोटार बदलण्याआधी ही पट्टी ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसून बघावी.

दोन्ही कागदांवर तीच भोकं बंद असतील, म्हणजे खरंच चोक असेल, तर उपाय निराळा. एप्सनमध्ये कॅपच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून हेड तिच्यावर बसवायचं, बटणाने बंद करायचं आणि रात्रभर भिजू द्यायचं. डाय इंक, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, याने बहुधा सुटतो. एप्सनच्या ००३ बाटल्यांतले चारही रंग असेच आहेत. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टँकवाल्यांत काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे कण. ती छापलेल्या कागदावर पाणी पडलं तरी पसरत नाही, पण वाळली की चिवट. त्यांचं हेड किंवा हेडवालं कार्ट्रिज बाहेर काढता येतं. कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला टिश्यू घडी करून ताटलीत ठेवा, त्यावर भोकांची बाजू दोन-तीन मिनिटं टेकवा. टिश्यूवर शाईचा ठसा उमटायला हवा, काळ्या कार्ट्रिजचा एक पट्टा, रंगीत कार्ट्रिजचे तीन. ठसा उमटला तर हेड वाहतंय. घासू नका, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

हेही करून भागलं नाही, तरच पॉवर क्लिनिंग, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार सफाई. प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर तेच पुन्हा हवा भरेल. दोन पॉवर क्लिनिंगमध्ये बारा तासांचं अंतर ठेवा. ते भरपूर शाई पितं.

ती शाई जाते कुठे, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. जाते प्रिंटरच्या तळाशी ठेवलेल्या एका जाड नमद्यासारख्या पॅडमध्ये, त्याला वेस्ट पॅड म्हणतात. प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो. हिशेब भरला की काम बंद. कॅननच्या छोट्या पडद्यावर ‘पी०७’ किंवा संगणकावर ‘५बी००’ येतं, एप्सनमध्ये इंक पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश. तुम्ही दहा-बारा क्लिनिंग केलीत, म्हणजे तो दिवस जवळ ओढलात. तसा संदेश आलाच तर घाबरू नका, हेडला काही झालेलं नसतं. पॅड बदलायचं आणि मोजणी शून्यावर आणायची. नुसती मोजणी शून्यावर आणून देणारे स्वस्त लोक असतात. मग भरलेल्या पॅडमधून शाई झिरपते आणि एक दिवस टेबलाच्या लाकडात उतरते. इंटरनेटवर फुकट मिळणारे ‘रिसेटर’ तर लॅपटॉपवर टाकूच नका. त्यांच्याबरोबर व्हायरस घेऊन आलेली मशीनं मी पाहिली आहेत. अलीकडच्या काही मॉडेलांत हे पॅड डब्यासारखं बाहेर काढून बदलता येतं. पुढे कधी प्रिंटर घ्याल तेव्हा हे विचारून घ्या. जाहिरातीतल्या पानांच्या आकड्यापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं.

नोझल चेक अखंड आला आणि तरीही प्रिंट वाईट असेल, तर हेडचा विषय संपला. अक्षरं दुहेरी, उभ्या रेघा मोडलेल्या, तर हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, करायची. कागदाच्या कडेला शाई माखलेली, तर आतला रोलर किंवा तळ पुसायला हवा. संगणकावरून प्रिंट छान आणि झेरॉक्स काढली की डाग, तर स्कॅनरची काच पुसा. या एका कारणाने लोकांनी कार्ट्रिज बदललेली आहेत. चकचकीत फोटो पेपरवर काळा रंग तपकिरी दिसत असेल, तर सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बघा. पिगमेंट काळा अशा कागदावर धरत नाही, म्हणून फोटो पेपर निवडला की कॅननची जी मालिका बाकीचे तीन रंग मिसळून काळा करते.

आता कागद.

कधी न घेणं आणि कधी तीन-तीन ओढणं, ही दोन टोकं वाटतात, पण बहुतेक वेळा कारण एकच असतं: रोलरवर बसलेली कागदाची पांढरी भुकटी. रबर गुळगुळीत झालं की पकड जाते. दीड महिना उघड्या ट्रेमध्ये धूळ पडली असेल ती वेगळीच. प्लग काढा, सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि रोलर फिरवत पुसा. स्पिरिट लावलं की रबर कडक होत जातं, म्हणून पाणीच.

मग कागद. मे महिन्यात कोरड्या हवेत पानं एकमेकांना चिकटतात, जुलैमध्ये ओल धरून वाकतात. गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी पत्त्यांसारखा पिसून घ्या, काठ टेबलावर आपटून सारखा करा, आणि ट्रे गच्च भरू नका. कडेची सरकती पट्टी कागदाला टेकलेली हवी, दाबलेली नको. उरलेलं रीम पिशवीत बांधून ठेवा. सांगलीच्या पावसात मी ट्रेमध्ये रात्रभर कागद ठेवत नाही.

पाठकोऱ्या कागदांविषयीही सांगायला हवं. मी स्वतः शिक्षकाचा मुलगा, पाठकोरा कागद फेकणं मला जमत नाही. पण इंकजेटमध्ये एका बाजूने छापलेला कागद वाकलेला असतो, त्याला कधी पिनेचं भोक असतं, कधी पीनच. ती पीन आत गेली तर हेडच्या पोटावरून घासत जाते. पाठकोरे लिहायला वापरा.

ट्रे मागच्या बाजूला वर उघडणारा असेल, तर त्यात काय पडलंय ते टॉर्च मारून बघा. पेनची टोपणं, केसांच्या क्लिपा, खोडरबराचे तुकडे, एकदा पालीची अंडी. आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हमखास अक्षता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात, प्रिंटरलाही हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल ठेवतात, वरून तांदूळ पडतात, आणि त्यातले चार दाणे सरळ कागदाच्या वाटेत उतरतात. पूजा जरूर करा, त्या वेळी ट्रे मिटलेला ठेवा.

कागद अडकलाच तर प्लग काढून, दोन्ही हातांनी धरून, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सावकाश ओढा. फाटला तर तुकडे जुळवून पूर्ण पान झालं का ते बघा. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी प्रिंटर ‘कागद अडकलाय’ म्हणत राहतो आणि तुम्हाला आत काहीच दिसत नाही.

वायफायचं सगळ्यांत सोपं. राऊटर बदललात, पण प्रिंटर अजून जुन्याच नावाला हाका मारतोय. नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड दिला तर बहुधा प्रिंटर आपोआप जोडला जातो. नाही जोडला, तर राऊटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का बघा; घरगुती प्रिंटर बहुतेक त्याच्यावरच चालतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवला असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा. राऊटर अधूनमधून प्रिंटरचा पत्ताही बदलतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरला एकच पत्ता कायमचा राखून ठेवला की तो त्रास जातो.

विंडोजमध्ये अडकलेली एखादी जुनी प्रिंटही पुढच्या सगळ्यांची वाट अडवते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवा, विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, तिथल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा चालू करा. प्रिंटरच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक झालेली असते, तीही काढा. घाई असेल तर यूएसबी वायर लावा आणि मोकळे व्हा.

राहिला मूळ प्रश्न. आधी दोन नोझल चेक, बारा तास, कॅप पुसणं, भिजवणं, याच क्रमाने चला. तीन-चार दिवस लागतील, खर्च पाण्याच्या बाटलीचा. त्यानंतरही काळा आला नाही आणि प्रिंटर कॅनन किंवा एचपीचा टँकवाला असेल, तर फक्त काळ्याचं हेड बदला. एप्सन असेल तर हेडचा भाव लेखी मागा. तो नव्या प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला तर मी दुरुस्ती करायला सांगणार नाही.

पण नवा घ्यायची वेळ आलीच, तर स्वतःला विचारा की तुम्ही काय छापता. वर्षातले दोन महिने घर बंद, बाकी महिन्याला दहा-वीस काळी पानं, सातबारा, बँकेचे कागद, रेल्वेचं तिकीट, एवढंच असेल तर इंकजेट तुमच्यासाठी नाही. साधा काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर ही कोरडी पूड, ती सुकणार काय? सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. घरात नातवंडांचे प्रकल्प, फोटो, रंगीत तक्ते होत असतील तर मात्र टँकवाला इंकजेटच परवडतो, आठवड्याला एक रंगीत पान काढायची तयारी असेल तर. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला जाताना शेजारच्या एखाद्या पोराला किल्ली देऊन जा, रविवारी एक पान काढ म्हणावं, पानावरचं चित्र त्यालाच.

आणि दुरुस्तीला नेलातच, तर टाक्यांची झाकणं घट्ट लावा, जुन्या मॉडेलला वाहतुकीचा (शाई अडवणारा) खटका असेल तर तो फिरवा, हेड उजव्या टोकाला बसलेलं बघा. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभा करून नेऊ नका, शाई सगळी एका बाजूला येते. रिक्षा करा, मांडीवर आडवा धरा, खाली जुनी चादर असू द्या.